धावत्या बोटीतून पाण्याची खोली खात्रीने कशी मोजावी?

कोल्हारच्या पुलाखालून वाहणारे प्रवरेचे पाणी भंडारदरा व निळवंडे या धरणांतून येते. पुढे नेवासे तालुक्यात प्रवरासंगम येथे ही नदी गोदावरीस मिळते आणि जायकवाडीच्या फुगवट्यात, म्हणजेच नाथसागरात जाते. या सर्व वाटेवर उपसा सिंचनाचे पंप बसलेले आहेत. कोणाचा फूटव्हॉल्व्ह कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यातील डोहात आहे, तर कोणी फुगवट्याच्या कडेला चर खोदून पाणी पंपापर्यंत आणले आहे. पावसाळा संपल्यावर पाणी तुडुंब असते, तेव्हा पाइप कोठेही सोडला तरी पंप चालतो. खरी परीक्षा एप्रिल-मे महिन्यांत होते. पाणी मागे सरकते, फूटव्हॉल्व्ह गाळात रुततो किंवा उघडा पडतो आणि ऐन उन्हाळ्यात ऊस, घास व फळबागेला ताण बसतो. पाइपलाइनचा खर्च तर आधीच झालेला असतो. म्हणून पाइप टाकण्यापूर्वी पाण्याखालची जमीन कोठे किती खोल आहे, हे पाहून घेणे फायद्याचे ठरते.

दोरीला ओळंबा बांधून खोली मोजण्याची रीत सर्वांना माहीत आहे. परंतु फुगवट्यात दोन-तीन किलोमीटरचा पट्टा पाहायचा असेल, तर दोरीने आठवडा जातो. अशा वेळी मच्छीमारांच्या इंजिनाच्या बोटीवर खोलीमापक यंत्र लावून काम केले जाते. मच्छीमार यालाच फिश फाइंडर म्हणतात, तर सर्वेक्षण करणारे इको साउंडर म्हणतात. या यंत्राबाबत एक तक्रार हमखास ऐकू येते. बोट उभी असली किंवा हळू चालली की आकडा बरोबर येतो, पण बोट पळू लागली की आकडे नाचू लागतात, मध्येच पडदा कोरा होतो, तर कधी १२ मीटरच्या जागी ३ मीटर दाखवले जातात. बोटीचे भाडे व इंधन दोन्ही महाग असल्याने बोट वेगात चालवण्याकडे कल असतो आणि तेथेच घोटाळा होतो. हा घोटाळा का होतो व तो कसा टाळावा, याची माहिती या लेखात दिली आहे.

यंत्र खोली मोजत नाही, वेळ मोजते

बोटीच्या तळाशी पाण्यात एक लहानसा संवेदक बसवलेला असतो. दुकानदार त्याला ट्रान्सड्यूसर म्हणतात. तो पाण्यात खाली ध्वनीचा एक ठोका सोडतो. हा ध्वनी आपल्या कानाला ऐकू येत नाही इतका उच्च असतो. तळाला लागून तो परत येतो आणि तोच संवेदक तो ऐकतो. जाण्यायेण्यास लागलेल्या वेळेवरून यंत्र हिशेब करून खोलीचा आकडा दाखवते. आडात डोकावून हाक मारल्यावर आवाज परत येतो, त्यातलाच हा प्रकार आहे.

पाण्यात ध्वनी किती वेगाने जातो, हे १८२६ साली कोलाडाँ व स्टुर्म या दोघांनी जिनिव्हा सरोवरात पाण्याखाली घंटा वाजवून मोजले होते. पाण्याचे तापमान सुमारे ८ अंश सेल्सिअस असताना तो वेग सेकंदाला १,४३५ मीटर भरला. हवेतील वेगाच्या हा चौपटीहून अधिक आहे. १९१२ साली टायटॅनिक जहाज हिमनगावर आदळून बुडाले. त्यानंतर समुद्रातील अडथळे ध्वनीने ओळखण्याच्या प्रयत्नांनी जोर धरला. १९१३ साली बेम या जर्मन शास्त्रज्ञाने प्रतिध्वनीने खोली मोजण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि १९२५ ते १९२७ या काळात मेटिओर या जर्मन जहाजाने याच पद्धतीने दक्षिण अटलांटिक महासागराच्या तळाची मोजणी केली. आज मच्छीमाराच्या हाती असलेले यंत्र याच तत्त्वावर चालते.

आता वेगाचा मुद्दा पाहू. अनेकांचा समज असा असतो की, बोट इतकी पळते की ध्वनी परत येईपर्यंत ती पुढे निघून जाते. हा समज हिशेबाला टिकत नाही. समजा पाणी १५ मीटर खोल आहे. ध्वनीला जाऊन येऊन ३० मीटर अंतर कापावे लागते. सेकंदाला सुमारे १,५०० मीटर या वेगाने त्यास सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो. ताशी २५ किलोमीटर वेगाने धावणारी बोट तेवढ्या वेळात फक्त १४ सेंटीमीटर पुढे जाते. म्हणजे यंत्र बोटीला पुरून उरते. दोष अन्यत्र आहे.

खरा शत्रू हवा

पंपाच्या सक्शन पाइपला बारीकशी चीर असली तर काय होते, हे शेतकऱ्यांना सांगण्याची गरज नाही. पंप हवा धरतो, मोटर फिरत राहते, पण पाणी येत नाही. खोलीमापकाचेही तसेच आहे. ध्वनी पाण्यातून सहज जातो, पण पाणी आणि हवा यांच्या सीमेवर आला की जवळजवळ सगळाच्या सगळा परत फिरतो. त्यामुळे संवेदकाच्या तोंडाशी बुडबुड्यांचा थर आला, तर ध्वनी तळापर्यंत पोचतच नाही. फेसाळ पाणी म्हणजे ध्वनीच्या दृष्टीने भिंतच.

बोट हळू चालते तेव्हा तिच्या तळाखालून पाणी गुळगुळीत सरकते. वेग वाढला की नाळ उचलली जाते आणि पुढून कापलेल्या पाण्यातील हवा तळाखाली ओढली जाते. तळावरील पट्ट्या, खिळ्यांची टोके, जुन्या डागडुजीचे उंचवटे, पाणी काढण्याचे बूच अशा प्रत्येक ठिकाणी पाणी फाटते व त्यामागे बुडबुड्यांची शेपटी तयार होते. संवेदक अशा शेपटीत सापडला की यंत्र आंधळे होते. शिवाय संवेदकाची स्वतःची कड पाण्याच्या वाटेत आडवी आली, तर त्याच्या तोंडावरच पाणी फाटून पोकळी तयार होते. पंपाच्या इंपेलरला ज्या कारणाने खड्डे पडतात, तोच हा प्रकार.

यावरून एक गोष्ट लक्षात यावी. वेगात आकडा बिघडतो म्हणून लगेच महागडे यंत्र घेण्याने काम होत नाही. तेच जुने यंत्र योग्य जागी बसवले तर बहुतेक वेळा सुधारते आणि नवे यंत्र चुकीच्या जागी बसवले तर तेही तसेच वागते.

संवेदक कोठे व कसा बसवावा

लहान बोटीवर संवेदक बहुधा मागच्या फळीला बाहेरून बसवतात. जागा निवडताना प्रथम बोट पाण्याबाहेर काढून तळ नीट पाहावा. तळावर जेथे पुढपासून मागपर्यंत एकही पट्टी, खिळा अथवा उंचवटा वाटेत येत नाही, अशी सरळ पट्टी शोधावी व तिच्या शेवटी संवेदक बसवावा. बोट वेगात असताना दुसऱ्या माणसाने मागे वाकून पाहिल्यास स्वच्छ पाणी कोठून निघते व फेस कोठून निघतो, हे डोळ्यांनी दिसते. असे पाहताना अंगात लाइफ जॅकेट असलेच पाहिजे.

इंजिनाच्या पंख्यापासून संवेदक शक्य तितका दूर, निदान सव्वा ते दीड फूट अंतरावर ठेवावा. पंख्याची पाती ज्या बाजूला वरून खाली जातात, त्या बाजूला बुडबुडे कमी असतात. मागून पाहिले असता पंखा घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरत असेल, तर ती उजवी बाजू होय. बहुतेक इंजिनांचे पंखे असेच फिरतात, तरी स्वतः पाहून खात्री करावी.

संवेदकाचे तोंड बोटीच्या तळापेक्षा थोडेसे खाली असावे. फायबरच्या बोटीत सुमारे ३ मिलिमीटर पुरतात. तळाच्या वर राहिल्यास तो फेसात येतो आणि फार खाली नेल्यास पाणी उडवतो. बोट पाण्यात असताना त्याचे तोंड सरळ खाली पाहील असा कोन ठेवावा. मागची कड पुढच्यापेक्षा किंचित खाली असली तर चालते, कारण त्यामुळे पाणी तोंडावर दाबून वाहते. उलट पुढची कड खाली झुकली तर तोंडावर पोकळी होते. बसवताना पट्टीच्या आडव्या भोकात थोडी जागा सोडावी, म्हणजे चाचणी घेऊन कोन बदलता येतो. पहिल्याच प्रयत्नात बरोबर बसेल अशी अपेक्षा धरू नये. एकेक मिलिमीटर खाली घेत दोन-तीन वेळा चाचणी घ्यावी लागते.

फायबरचा तळ एकसंध असेल तर संवेदक आतूनही चिकटवता येतो. मग बाहेर काहीच राहत नाही आणि फेसाचा प्रश्न बराच कमी होतो. मात्र चिकटवलेल्या थरात हवेचा एकही फुगा राहता कामा नये. लाकडी किंवा मध्ये फोम भरलेल्या तळातून ही युक्ती साधत नाही. पक्का चिकटवण्यापूर्वी पाणी भरलेली प्लास्टिकची पिशवी तळावर आतून ठेवून तिच्यात संवेदक धरून पाहावा. आकडा नीट आला तरच ती जागा निवडावी. आतून बसवल्यास ध्वनीची थोडी ताकद तळातच जाते, पण आपल्या बंधाऱ्यांच्या खोलीला त्याने फारसा फरक पडत नाही.

संवेदकावर शेवाळ व चिखलाचा थर बसतो, तो मऊ फडक्याने पुसावा. खरवडू नये.

वीज आणि पडद्यावरील आकडे

इंजिनाचा वेग वाढला की आकडे नाचतात, पण पाणी मात्र स्वच्छ आहे, असे दिसल्यास विजेकडे पाहावे. इंजिन बंद ठेवून बोट वल्ह्याने चालवावी. आता आकडा स्थिर झाला तर इंजिनाच्या ठिणगीचा किंवा चार्जिंगचा उपद्रव आहे असे समजावे. यंत्राला स्वतंत्र १२ व्होल्टची बॅटरी द्यावी, जोडाचे गंज काढावेत आणि संवेदकाची केबल इंजिनाच्या तारांबरोबर बांधू नये. ही केबल लांब वाटली म्हणून कापणे टाळावे.

यंत्राच्या सेटिंगपैकी एकाचीच येथे विशेष दखल घेतो, कारण त्याने माणूस फसतो. तळाचा प्रतिध्वनी हरवला की काही यंत्रे पडदा कोरा न करता शेवटचा मिळालेला आकडा तसाच दाखवत राहतात. फार तर तो लुकलुकतो. बोट पाचशे मीटर पुढे गेली तरी आकडा जुनाच! लिहून घेणारा मात्र प्रामाणिकपणे ७.४, ७.४, ७.४ असे लिहीत जातो. सलग आठ-दहा आकडे तंतोतंत सारखे आले तर आनंद मानू नये, शंका घ्यावी. नदीचा तळ इतका सपाट क्वचितच असतो.

दुसरी फसगत उथळ व कठीण तळावर होते. तळावरून आलेला ध्वनी पाण्याच्या पृष्ठभागावर आपटून पुन्हा खाली जातो व दुसऱ्यांदा परत येतो. यंत्राने हा दुसरा प्रतिध्वनी धरला तर २ मीटरला ४ मीटर दाखवले जातात. आकडा अचानक बरोबर दुप्पट झाला की बोट थांबवून दोरी सोडावी.

आपल्या बोटीची वेगमर्यादा आपणच ठरवावी

प्रत्येक बोटीचा तळ, वजन व इंजिन वेगळे असते. म्हणून पुस्तकातील वेग आपल्या बोटीला लागू पडेलच असे नाही. चाचणी सोपी आहे. तळ साधारण सपाट असलेला दोनशे-तीनशे मीटरचा पट्टा निवडावा. तेथे बोट उभी करून दोरी व ओळंब्याने खोली मोजावी आणि यंत्राचा आकडा त्याशी ताडून पाहावा. नंतर त्याच रेषेवरून प्रथम चालण्याच्या गतीने, मग थोड्या वाढत्या वेगाने अशा चार-पाच फेऱ्या माराव्यात व प्रत्येक फेरीचे आकडे वेगळे लिहावेत. ज्या वेगापासून आकडे तुटू लागतात किंवा सरकू लागतात, त्याच्या बराच खाली आपला कामाचा वेग ठेवावा. ताशी ५ ते ८ किलोमीटर हा वेग बहुतेक लहान बोटींना मानवतो. वळण घेताना बोट एका अंगाला कलते व फेस आत येतो, म्हणून वळणावरचे आकडे धरू नयेत.

बोटीत माणसे व सामान कोठे बसले आहे, यानेही फरक पडतो. चाचणीच्या वेळी तिघे मागे बसले आणि मोजणीच्या दिवशी दोघे पुढे गेले, तर संवेदकाचा कोन बदलतो. बसण्याच्या जागा ठरवून घ्याव्यात.

खोली बरोबर, पण जागा चुकली

हवेचा बंदोबस्त झाला आणि वेगातही आकडा स्थिर येऊ लागला, तरी एक अडचण उरते. खोलीबरोबर जागाही नोंदवायची असते आणि आता ते काम उपग्रहावर चालणाऱ्या जीपीएसने होते. पण पडद्यावरील खोलीचा आकडा हा मागील काही ठोक्यांची सरासरी असतो आणि जीपीएसचे स्थानही क्षणभर मागचे-पुढचे असू शकते. दोन्हींत एका सेकंदाचे अंतर पडले असे धरू. ताशी २५ किलोमीटर वेगात बोट सेकंदाला सुमारे ७ मीटर जाते. काठाचा उतार पाचास एक असेल तर ७ मीटरच्या चुकीमुळे खोलीत १.४ मीटरचा फरक पडतो. तीच बोट ताशी ६ किलोमीटरने नेली तर हा फरक साधारण ३३ सेंटीमीटरवर येतो. यंत्र तेच आणि चूकही तीच एका सेकंदाची, पण हळू चालल्याने तिचे नुकसान चौपट कमी झाले.

हे अंतर शोधून काढता येते. पाण्याखाली बुडालेला जुना बांध, रस्ता किंवा नदीची मूळ दरड अशी ठळक खूण घ्यावी. तिच्यावरून त्याच रेषेने, त्याच वेगाने एकदा जावे व एकदा यावे. दोन्ही वेळा खूण एकाच जागी दिसली तर उत्तम. जाताना ती पुढे व येताना मागे सरकलेली दिसली, तर दोन्हींमधील अंतराच्या निम्मे ही आपली चूक होय. सर्व नोंदींत ती दुरुस्त करावी.

तळ म्हणजे नेमका कोणता तळ?

आपल्या नद्यांत काळ्या जमिनीची बारीक माती वाहून येते. ती तळाशी बसली तरी वरचे काही फूट ताकाच्या खाली बसलेल्या साक्यासारखी पातळ राहते. २०० किलोहर्ट्झसारख्या उच्च वारंवारतेचा ध्वनी या पातळ गाळाच्या वरच्या पृष्ठभागावरूनच परततो, तर ५० किलोहर्ट्झ किंवा त्याहून कमी वारंवारतेचा ध्वनी काही प्रमाणात गाळात शिरून खालच्या घट्ट थरावरून येतो. दोन्ही वारंवारता असलेले यंत्र मिळाले तर दोन्ही आकडे घ्यावेत. त्यांच्यातील फरकावरून मऊ गाळाचा अंदाज येतो. ओळंबाही या गाळात रुततो हे ध्यानात ठेवावे. रुंद, चपटे वजन वापरले तर तो वरच थांबतो. फूटव्हॉल्व्हसाठी आपल्याला गाळाचा वरचा थरच महत्त्वाचा असतो, कारण पंप गाळ ओढू लागला की इंपेलर व मेकॅनिकल सील लवकर जाते.

पाण्याखालील वनस्पती व त्यांतील हवेमुळे खोटा तळ दिसतो. जलपर्णीच्या पट्ट्यात तर मोजणी करूच नये, पंख्यातही ती अडकते. उतारावरही थोडी सावधगिरी हवी. ध्वनी टॉर्चच्या झोताप्रमाणे पसरतो. २० अंशांचा झोत १० मीटर खोलीवर साडेतीन मीटर व्यासाचे वर्तुळ व्यापतो. त्यातील जवळचा, म्हणजे चढाकडील भाग यंत्राला आधी ऐकू येतो. त्यामुळे पाचास एक उतारावर १० मीटरला सुमारे २० सेंटीमीटर कमी खोली दाखवली जाते. बुडालेल्या विहिरीचे तोंड लहान असल्याने ती या झोतात पुष्कळदा सापडतच नाही.

आजची खोली मे महिन्यात उपयोगी पडावी म्हणून

यंत्र पाण्याच्या पृष्ठभागापासूनची खोली सांगते असे आपण समजतो, पण प्रत्यक्षात ते संवेदकापासूनची खोली सांगते. संवेदक पाण्यात ३० सेंटीमीटर खाली असेल तर तेवढे मिळवले पाहिजेत. काही यंत्रांत हे सेटिंगमध्येच भरता येते. ते एकदा भरले असेल तर वहीत पुन्हा मिळवू नये.

पाण्याची पातळी रोज बदलते. म्हणून नुसती खोली लिहून ठेवण्यास अर्थ नाही. मोजणीच्या दिवशीची धरणाची पातळी लिहून घ्यावी व तिच्यातून खोली वजा करावी, म्हणजे तळाची पातळी मिळते. उदाहरणार्थ, जायकवाडी धरण १,५२२ फुटांना पूर्ण भरते. समजा मोजणीच्या दिवशी पातळी १,५१० फूट आहे व एका जागी खोली २२ फूट भरली. त्या जागी तळ १,४८८ फुटांवर आहे. आता गेल्या काही वर्षांत मेअखेर धरण किती फुटांपर्यंत खाली गेले, ते आकडे पाहावेत. त्या पातळीलाही फूटव्हॉल्व्हवर पुरेसे पाणी राहते का व त्याखाली गाळासाठी दोन-तीन फूट मोकळे राहतात का, हे वहीवरच कळते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात पातळीचा आकडा नसेल तर खांबावर रंगाने खूण करून तिच्यापासून हिशेब धरावा.

बोट पाण्यात घालण्यापूर्वी जलसंपदा विभागाच्या स्थानिक कार्यालयाची परवानगी घ्यावी. आवर्तन सुरू असताना बंधाऱ्याच्या दारांजवळ बोट नेऊ नये.

धरणातील गाळ व आपले आवर्तन

हेच यंत्र मोठ्या प्रमाणावर धरणांतील गाळाच्या सर्वेक्षणासाठी वापरले जाते. पाणी जसजसे उतरते तसतशी उघडी पडणारी जमीन उपग्रहाच्या चित्रांवरून मोजता येते आणि नाशिकच्या महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे मेरीने, असे अभ्यास केले आहेत. परंतु जो भाग कधीच उघडा पडत नाही, तेथे बोटीशिवाय गत्यंतर नसते. बोट ठरावीक अंतरावरील समांतर रेषांवरून नेतात. मोजणीपूर्वी एक लोखंडी पत्रा साखळीने संवेदकाखाली २ मीटर, ५ मीटर असा ठरावीक खोलीवर सोडून यंत्र तपासतात. पाण्याच्या तापमानाप्रमाणे ध्वनीचा वेगही भरतात, कारण २० अंशास तो सेकंदाला सुमारे १,४८२ मीटर, तर ३० अंशास १,५०९ मीटर असतो. या मोजणीतून धरणाच्या कोणत्या पातळीला किती पाणी, हा तक्ता तयार होतो. पाटाच्या पाण्याचे नियोजन, आवर्तनांची संख्या आणि आपला सात नंबरचा अर्ज मंजूर होणे, हे सर्व शेवटी या तक्त्यावर येऊन ठेपते.

येथे लहान चूक किती मोठी होते ते पाहण्यासारखे आहे. नाथसागर पूर्ण भरला असता सुमारे ३५० चौरस किलोमीटर पसरतो. प्रत्येक ठिकाणी १० सेंटीमीटर खोली कमी धरली गेली तर ३५ दशलक्ष घनमीटर, म्हणजे जवळपास सव्वा टीएमसी पाणी कागदावर नाहीसे होते. संवेदकाचे ते ३० सेंटीमीटर मिळवायचे राहून गेले तर फरक ३.७ टीएमसी होतो. भंडारदरा धरणाची साठवण सुमारे ११ टीएमसी आहे, म्हणजे हा आकडा भंडारदऱ्याच्या एक तृतीयांशाएवढा झाला. कमी-जास्त अशा दोन्ही बाजूंच्या चुका एकमेकींना बऱ्याच अंशी फेडतात, पण एकाच बाजूची चूक साचत जाते. म्हणूनच सर्वेक्षणवाले यंत्र तपासण्यात अर्धा दिवस घालवतात, तो वेळ फुकट जात नाही.

२०१४ साली महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने दिलेल्या आदेशात, १५ ऑक्टोबर रोजी जायकवाडीत उपयुक्त साठ्याच्या ६५ टक्के पाणी आहे की नाही, यावर वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचे सूत्र ठरवले होते. त्या धरणांत मुळा, भंडारदरा व निळवंडे येतात. सूत्र योग्य की अयोग्य, याची चर्चा करण्याची ही जागा नव्हे. पण टक्केवारी कोणतीही ठरली तरी ती ज्या साठ्याची काढायची, तो साठा बोटीखालच्या संवेदकानेच मोजला जातो. पाणीवाटपाच्या सभेत साठ्याचा आकडा पुढे आला, तर तो कोणत्या वर्षीच्या सर्वेक्षणावर आधारलेला आहे आणि त्या वेळी मृत साठ्याचा भाग बोटीने मोजला होता काय, एवढे दोन प्रश्न शेतकऱ्यांनी अवश्य विचारावेत.

शेततळ्यासाठी यंत्राची गरज नाही

शेततळ्यात किती गाळ बसला हे पाहण्यासाठी हे यंत्र आणण्याचे कारण नाही. तेथे दोरीच उत्तम. मात्र तळाला प्लास्टिकचे अस्तर असल्यास लोखंडी ओळंबा किंवा दगड सोडू नये, अस्तर फाटते. एक लिटरची गोल बुडाची बाटली वाळूने भरून घट्ट बूच लावावे, तिला न ताणणारी दोरी बांधावी व दोरीवर दर १० सेंटीमीटरला रंगाची खूण करावी. चारही बाजूंच्या बांधांवरून आडवी दोरी ताणून तिच्या आधाराने मध्यापर्यंत नोंदी घ्याव्यात. तळ्यात उतरून किंवा ट्यूबवर बसून मोजण्याचे धाडस करू नये. अस्तरावर शेवाळ असते व एकदा घसरलेल्या माणसाला वर येता येत नाही.